खरखर येते कुठून?



आज आपण एका अगदी घरगुती तक्रारीविषयी बोलणार आहोत. चाळीसगाव तालुक्यातच नव्हे, तर सगळ्या खानदेशात ज्या घरांतून अजून रेडिओ ऐकला जातो, त्या घरांतली ही तक्रार आहे. ती अशी : "पूर्वी हवामान, बाजारभाव कसं स्वच्छ ऐकू यायचं. आता संध्याकाळी दिवे लागले, की रेडिओ खरखर करू लागतो. सेट म्हातारा झाला का? की केंद्रच दुबळं झालं?"

मंडळी, पुष्कळदा यांपैकी काहीच झालेले नसते. रेडिओ बिचारा प्रामाणिक आहे. त्याच्या कानावर जे पडते तेच तो आपल्याला ऐकवतो. फरक एवढाच की, आपल्या घरात अलीकडे नवीन बोलणारे आले आहेत. ते रात्रंदिवस बोलतात, आणि त्यांची भाषा फक्त रेडिओलाच ऐकू येते. हे बोलणारे कोण, ते का बोलतात, आणि त्यांना जरा हळू बोलायला कसे लावावे, हा आजचा विषय.

घरात एकदा नजर फिरवून पाहा. पूर्वी छताला पिवळ्या उजेडाचा बल्ब लोंबत असे. त्यात एक तापलेली तार, दुसरे काही नाही. आता तिथे एल.ई.डी. बल्ब आहे. २०१५ साली केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली. त्या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. बल्ब वाटले गेले. भिंतीवर मोबाइलचा चार्जर आहे. टी.व्ही.जवळ सेट टॉप बॉक्स आणि त्याचा अडॅप्टर आहे. कोपऱ्यात इन्व्हर्टर आहे. मळ्यात सौर पंप असेल, तर त्याचा कंट्रोलर आहे. दिसायला ही पाच वस्तू पाच तऱ्हेच्या. पण पोटात सगळ्यांचे तंत्र एकच. त्याला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात त्याला एस.एम.पी.एस. म्हणतात.

हे तंत्र समजायला आपण मोटेकडे जाऊ. आजच्या पोरांनी मोट पाहिली नसेल, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, मोट भरून वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. पुन्हा खाली, पुन्हा वर. पाणी येई ते ठोक्याठोक्याने. पण पाटातून वाफ्यात जाई ते बरेचसे संथपणे, कारण मधले थारोळे तो धक्का पोटात घेत असे.

वीजपुरवठ्याचेही असेच आहे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, आणि ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. मोबाइलला लागतात फक्त ५ व्होल्ट. जुन्या पद्धतीत यासाठी लोखंडी ट्रान्सफॉर्मर असे. तो ५० च्याच तालावर चाले. प्रत्येक फेरीत दोन, म्हणजे सेकंदाला १०० हेलपाटे. १० वॉटचे काम १०० हेलपाट्यांत करायचे, तर प्रत्येक हेलपाट्याला ऊर्जेची मोठी मोट भरावी लागे. म्हणून तो ट्रान्सफॉर्मर विटेसारखा जड असे, आणि काम नसतानाही कोमट राही.

नव्या पद्धतीत काय करतात? आधी घरची वीज सरळ करून घेतात. तेव्हा तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती वीज सेकंदाला ६५ हजार वेळा, कधी त्याहूनही जलद, चालू-बंद करतो. हेलपाटे ६५ हजार झाले, म्हणजे प्रत्येक खेपेचे ओझे साडेसहाशे पटींनी कमी झाले. मोटेच्या जागी तांब्या आला म्हणा ना! म्हणून सगळा ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा झाला आणि चार्जर खिशात मावू लागला. लोखंडाच्या जागी आत फेराइटचा काळा गाभा आला; आणि थारोळ्याचे काम कंडेन्सर करू लागला.

तेव्हा हे तंत्र वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने तांबे वाचले, लोखंड वाचले, वीज वाचली. पुन्हा विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणा, असे कुणी म्हणणार नाही. पण तांब्याने भराभर पाणी उपसणाऱ्याच्या भोवती काय होते? शिंतोडे उडतात. इतक्या वेगाने वीज चालू-बंद केली, की तिचेही शिंतोडे उडतात. रेडिओतली खरखर म्हणजे ते शिंतोडे.

आता शिक्षक मित्रांनी जरा लक्ष द्यावे. प्रश्न असा पडेल की, स्विच ६५ हजारांच्या तालावर चालतो, म्हणजे ६५ किलोहर्ट्झवर. रेडिओच्या मध्यम लहरी तर ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत. मग ६५ चा आवाज ९०० वर कसा ऐकू येतो?

याचे उत्तर धारेत आहे. लाट गोल, संथ चढउताराची असती, तर ती आपल्याच जागी राहिली असती. पण स्विचची लाट गोल नसते. ती करवतीच्या दातासारखी, उभ्या कडांची असते. एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागात दाब शून्यावरून ३२५ व्होल्टवर उडी मारतो. अशा चौकोनी लाटेत मूळ लाटेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, दसपट, पंधरापट अशा लाटा दडलेल्या असतात. टाळ जोरात वाजवला की एकच सूर निघत नाही, सुरांचा घोळका निघतो, तसेच हे. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची ९६३ किलोहर्ट्झ ही मध्यम लहरींवरची जागा खानदेशातल्या किती तरी घरांत वर्षानुवर्षे काट्याखाली राहिलेली आहे. आता ६४.२ ला १५ ने गुणून पाहा. बरोबर ९६३ येतात. म्हणजे ६४.२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या चार्जरची पंधरावी पट नेमकी त्या केंद्राच्या पाटावर येऊन बसते. शिवाय स्वस्त चार्जरचा ताल उष्णतेने आणि बोज्याने सारखा हलत असतो. म्हणून आवाज एका जागी शिटीसारखा न येता पसरट, भरडल्यासारखा येतो.

हे शिंतोडे रेडिओपर्यंत पोचतात कोणत्या वाटेने? वाटा दोन आहेत. पहिली वाट सरळ. एका तारेने निघायचे आणि दुसऱ्या तारेने परत यायचे. दोन्ही तारा शेजारी-शेजारी असल्याने एकीचा परिणाम दुसरी बराचसा पुसून टाकते. दुसरी वाट मात्र आडवळणाची. स्विचजवळचे धातूचे भाग आणि जमीन यांच्यात हवेचा एक अदृश्य कंडेन्सर तयार झालेला असतो. तसाच एक कंडेन्सर ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत असतो. कुणी मुद्दाम बसवलेला नसतो, पण असतो. त्यातून निसटलेली वीज दोन्ही तारांवर एकाच दिशेने चालू लागते आणि जमिनीतून घरी परतते. आता मात्र पुसणारे कुणी नाही. घरातले सगळे वायरिंग, ओट्यापासून माळवदापर्यंत, तिची एरियल बनते. मध्यम लहरींवरचा त्रास पुष्कळदा या दुसऱ्या वाटेचा असतो.

किती वीज निसटते, याचा हिशेब फळ्यावर करण्यासारखा आहे. याच तालुक्यातल्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दान दिल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. तिथल्या शिक्षकांना एवढे गणित जड जाऊ नये! तो अदृश्य कंडेन्सर फक्त १० पिकोफॅरडचा धरा. लाट ३२५ व्होल्टची, अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. तिच्या पंधराव्या पटीची उंची सुमारे १४ व्होल्ट भरते. ९६३ किलोहर्ट्झवर १० पिकोफॅरडमधून एवढ्या दाबाने साधारण ०.६ मिलीअँपियर वीज निसटते. ती दोन तारांत वाटली गेली, तर प्रत्येकीत ०.३. आता मर्यादा काय आहे ते पाहा. रेडिओला होणारा असा त्रास मोजण्यासाठी आणि त्याला आवर घालण्यासाठी १९३४ सालापासून एक आंतरराष्ट्रीय समिती काम करीत आली आहे. तिचे नाव सिस्प्र. घरगुती उपकरणाने वीजतारेवर या भागात साधारण ६३० मायक्रोव्होल्टहून अधिक गोंगाट टाकू नये, अशी तिची मोजपट्टी आहे. मोजताना ५० ओहमचा आधार धरतात, म्हणजे ही साडेबारा मायक्रोअँपियर वीज झाली. आपला चार्जर टाकतो ३०० मायक्रोअँपियर. म्हणजे काहीच उपाय न केलेला चार्जर मर्यादेच्या वीसपटीहून अधिक बोलतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या, कुणीही न बसवलेल्या त्या कंडेन्सरची ही करामत.

मग चांगला चार्जर करणारा काय करतो? त्याचे उपाय तीन पायऱ्यांवर असतात. आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या आणि गावात दुरुस्तीचे दुकान टाकू पाहणाऱ्या तरुणांनी ते ध्यानात ठेवावेत.

पहिली पायरी उगमाची. शिंतोडे जिथे उडतात तिथेच ते कमी करायचे. स्विचला हुकूम देणाऱ्या तारेत छोटा रेझिस्टर घालून स्विच किंचित सावकाश उघडायचा. लाटेची धार त्यामुळे बोथट होते. पण याला दोन मर्यादा आहेत. एक तर स्विच अधिक तापतो, कारण अर्धवट उघडा असताना तो वीज खातो. दुसरे असे की, धार बोथट केल्याचा फायदा प्रामुख्याने वरच्या लहरींना, म्हणजे शॉर्टवेव्ह आणि एफ.एम.ला मिळतो. मध्यम लहरींवर त्याने फार फरक पडत नाही. उगमावरचा दुसरा उपाय फुकटचा आहे. ज्या वाटेने वीज झटक्याने फिरते, ती वाट आखूड ठेवायची. स्विच, ट्रान्सफॉर्मर आणि त्यांना वीज पुरवणारा कंडेन्सर अगदी जवळजवळ बसवायचे. वेटोळे जितके मोठे, तितकी त्याची हाक दूर जाते. याला पैसा लागत नाही. छापील पाटी आखताना विचार लागतो.

दुसरी पायरी आडवाटेची. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याच्या पत्र्याचा किंवा तारेचा एक थर घालतात आणि तो आतल्या शांत टोकाला जोडतात. निसटू पाहणारी वीज त्या थरावरूनच माघारी फिरते, बाहेर जात नाही. याशिवाय दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा, बहुधा निळा, कंडेन्सर असतो. त्याला वाय कंडेन्सर म्हणतात. उडालेले पाणी अंगणभर पसरण्याऐवजी तिथल्या तिथे चरातून परत विहिरीत सोडावे, तसे तो करतो.

तिसरी पायरी वेशीची. वीज जिथून घरच्या तारेत शिरते तिथे गाळणी बसवायची. ही गाळणी दोन भागांची. एक म्हणजे दोन्ही तारांच्या मध्ये बसणारा एक्स कंडेन्सर. तो सरळ वाटेचा गोंगाट मिटवतो. दुसरा म्हणजे फेराइटच्या एकाच गाभ्यावर दोन्ही तारांचे फेरे घेतलेला चोक. याची गंमत पाहा. घराला लागणारी खरी वीज एका तारेने जाते, दुसरीने येते. तिचे परिणाम गाभ्यात एकमेकांना काटतात, म्हणून चोक तिला अडवत नाही. पण दोन्ही तारांवरून एकाच दिशेने निघालेल्या चोरट्या विजेला तो दार बंद करतो. मध्यम लहरी स्वच्छ राहतात त्या मुख्यतः या गाळणीमुळे.

आता कळीचा प्रश्न. एवढे सगळे माहीत असताना खरखर का होते? उत्तर सोपे आहे. चोक आणि कंडेन्सर यांना चार पैसे पडतात, आणि ते नसले तरी चार्जर चार्जिंग करतोच, बल्ब उजेड देतोच. गिऱ्हाईक दुकानात उजेड पाहते. गाळणी कुणी पाहत नाही. अगदी स्वस्त मालाच्या आत डोकावले, तर चोकसाठी छापील पाटीवर जागा सोडलेली दिसते आणि त्या जागी नुसती तार झाळलेली असते. म्हणजे आखणाऱ्याला गाळणी हवी होती. बनवणाऱ्याने ती गाळली!

खरेदी करताना वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक जरूर पाहावा. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेसाठी आहे, म्हणजे झटका बसू नये, आग लागू नये यासाठी. त्या चिन्हावरून वस्तू शांतही आहे, अशी हमी मिळत नाही. तरीपण ज्याने सुरक्षिततेची चाचणी चुकवली, त्याने गाळणी मात्र मन लावून घातली असेल, असे मानायला जागा नाही. म्हणून बिनचिन्हाचा माल दोन्ही कारणांनी टाळलेला बरा.

वाय कंडेन्सरविषयी एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. हा कंडेन्सर वीजतारेची बाजू आणि आपण हात लावतो ती बाजू यांच्यामध्ये बसलेला असतो. दुरुस्ती करताना त्या जागी हाताला लागेल तो साधा कंडेन्सर कधीही घालू नका. तो आतून जुळला, तर २३० व्होल्ट सरळ मोबाइलच्या आणि मोबाइल धरणाऱ्याच्या अंगात उतरतील. वाय वर्गाचा म्हणून छापलेला कंडेन्सरच वापरा. चांगल्या कंडेन्सरमधूनही वीज थोडी झिरपते, २.२ नॅनोफॅरडच्या कंडेन्सरमधून सुमारे ०.१६ मिलीअँपियर. घराला अर्थिंग नसेल, तर धातूच्या पेटीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. आणि ज्या मोठ्या उपकरणाला तीन पिनांचा प्लग आहे, त्याच्या गाळणीतला गोंगाट अर्थच्या तारेतून परतत असतो. तिसरी पिन तोडून प्लग दोन भोकांत कोंबला, की गाळणीचा निचराच बंद झाला. जिवाला धोका तो वेगळाच. तेव्हा अर्थिंग करून घ्या. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घाला. हा खर्च रेडिओसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे.

बरं, आपल्या घरातला बोलणारा कोणता, हे शोधायचे कसे? यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सेलवर चालणारा रेडिओ हेच यंत्र. तो मध्यम लहरींवर लावा, आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर चोर घरातच आहे. थांबली नाही, तर ती शेजारून किंवा खांबावरून येते आहे. घरात असेल, तर मेन पुन्हा चालू करून एकेक वस्तू प्लगमधून काढत जा. नुसते बटन बंद करून भागत नाही. काही वस्तू बटन बंद असतानाही आतून जाग्या असतात. ज्या वस्तूनिशी आवाज बसला, ती वस्तू आपली आरोपी.

आरोपी सापडला की काय करायचे? चार्जर असेल, तर ऐकण्याच्या वेळेपुरता तो काढून ठेवा. बल्ब असेल, तर निदान रेडिओच्या खोलीतला बदला. वेगळ्या बनावटीचा आणून, लावून, ऐकून पाहा. रेडिओ स्वतः सेलवर चालवा आणि भिंतीतल्या वायरिंगपासून दूर, खिडकीपाशी ठेवा. हात-दोन हातांचे अंतरही पुष्कळ काम करते. मग सेट हळूहळू फिरवा. त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते, आणि ती सगळ्या दिशांनी सारखे ऐकत नाही. केंद्र भरपूर आणि खरखर कमी अशी एक दिशा बहुतेक वेळा सापडते. आणि केंद्र एफ.एम.वर मिळत असेल, तर तेही लावून पाहा. एफ.एम.च्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या, तिथवर जाताना हे शिंतोडे विरळ होतात. शिवाय एफ.एम. सेट आवाजाच्या उंचीकडे दुर्लक्ष करून फक्त लहरीच्या हेलकाव्याकडे पाहतो, म्हणून उरलेल्यांचाही त्रास कमी होतो.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक प्रयोग सुचवतो. फेराइटचे एक मोठेसे कडे मिळवा. जुन्या संगणकाच्या वीजपुरवठ्यात पिवळे-पांढरे कडे सापडते, ते मात्र नको. ते लोहचूर्णाचे असते आणि इथे फारसे चालत नाही. चार्जरची ५ व्होल्टची केबल या कड्यातून एकदा ओवा, रेडिओ शेजारी ठेवा आणि ऐका. मग आठ फेरे घ्या आणि ऐका. फेरे आठपट झाले, पण चोकचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६४ पट झाला. खरखर किती उतरली, हे मुलांनी कानांनी ऐकून वहीत लिहावे. वर्ग म्हणजे काय, हे मग सांगावे लागत नाही. एक पथ्य कडक पाळा : चार्जर किंवा बल्ब मुलांसमोर उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत वीज दबा धरून बसलेली असू शकते.

कुणी म्हणेल, एका रेडिओसाठी एवढा खटाटोप कशाला? तर मंडळी, हा प्रश्न एका रेडिओचा नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ लहरींची एक प्रचंड दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली, आणि २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. आकाशातून येणारी हाक इतकी क्षीण असते की, जवळचा एखादा मोबाइल किंवा वीजतारेवरची ठिणगी तिला बुडवून टाकते. म्हणून ती जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी आहे ना, हे पाहिले गेले. आणि दुर्बिणीची स्वतःची यंत्रेसुद्धा बोलू नयेत, म्हणून झाकूनपाकून ठेवावी लागतात. आपल्या चाळीसगाव जंक्शनावरून विजेची इंजिने जातात. वर २५ हजार व्होल्टची तार. नव्या इंजिनांत मोटारी चालवायला हेच चालू-बंद करण्याचे तंत्र आहे, फक्त चार्जरच्या लाखो पट ताकदीचे. त्यांचा गोंगाट रुळांवरच्या सिग्नल यंत्रणेत शिरू नये, म्हणून तो मोजून, आवरून मगच इंजिन रुळांवर सोडतात. म्हणजे जिथे चुकून चालणार नाही, तिथे गाळणी असतेच. घरच्या वस्तूंत ती नसते, कारण तिथे कुणी विचारत नाही.

आणि घरच्या रेडिओचेही मोल थोडे नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर आपसांत चर्चा करीत. त्या प्रयोगाचा सगळा पाया एकाच गोष्टीवर होता : बोललेले शब्द नीट ऐकू येणे. २०२१ सालच्या ऑगस्टअखेरीची रात्र आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज जाते. मोबाइलचे मनोरे मुके होऊ शकतात. सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. कुणी म्हणेल, वीज गेली की चार्जरही गप्प झाले, मग खरखर कसली? खरे आहे. पण सावधानतेचा इशारा पूर येण्याच्या आधी ऐकायचा असतो. त्या वेळी वीज असते, दिवे लागलेले असतात, चार्जर बोलत असतात. शिवाय वीज गेल्यावर घरोघरचे इन्व्हर्टर जागे होतात, ते निराळेच. जो इशारा खरखरीत बुडाला, तो दिलाच नाही असे होते.

शेवटी एक गोष्ट शेतकरी बांधवांना सांगायला नको, कारण ती त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आपल्या विहिरीचे पाणी आपल्या वाफ्यात जावे; ते बांध फोडून शेजाऱ्याच्या कापसात शिरले, तर तंटा होतो. विजेच्या शिंतोड्यांचेही तसेच आहे. आपल्या चार्जरचा गोंगाट एकाच खांबावरच्या तारांवरून शेजाऱ्याच्या घरात जातो. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना बातम्या ऐकू येत नाहीत, आणि त्यांना बिचाऱ्यांना कळतही नाही की बांध कुठे फुटला. गाळणी म्हणजे हा बांध. तो घालणे कारखानदाराचे काम आहे. पण घातला आहे का, हे विचारणे गिऱ्हाइकाचे काम आहे. पुढच्या वेळी बाजारात बल्ब घ्याल, तेव्हा सेलवरचा छोटा रेडिओ खिशात घेऊन जा. दुकानदार बल्ब लावून दाखवील. तुम्ही उजेड पाहा, आणि रेडिओ जवळ धरून ऐकाही. चार गिऱ्हाइकांनी असे ऐकायला सुरुवात केली, की शांत बल्ब कोणता, हे दुकानदार आपणहून लक्षात ठेवील, आणि मागवतानाही तोच मागवील.